आधी ओटी, मग उंबरा

आमच्या फाट्यावर माझा भलामोठा फोटो अजून टांगलेला आहे. 'उच्च शिक्षणासाठी आयर्लंडला रवाना होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली आमच्या वाडीचं मुंबई मंडळ. मी कुठेही रवाना झालेले नाही. मी महाडला एका भाड्याच्या खोलीत राहते आणि तिथल्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये रसायनांचे नमुने तपासते. पोलादपूरच्या वर डोंगरात असलेलं माझं घर तिथून एसटीने तासाभराचं. तरीही त्या घरात मला जाता येत नाही, आणि याला कोणीही वाईट माणूस कारणीभूत नाही. तसा एखादा असता तर निदान भांडले असते.

एका वर्षाच्या मास्टर्ससाठी मला प्रवेश मिळाला होता. फीसाठी बँकेने कर्ज मंजूर केलं होतं. तिथे राहण्या-खाण्याचा खर्च मात्र आपल्याकडे आहे हे व्हिसासाठी दाखवावं लागतं, आणि तिथे आमचं घोडं अडलं होतं. माझी नोकरीतली शिल्लक आणि बाबांची पुंजी मिळूनही कमीच पडत होतं. बाबांनी जमीन तारण ठेवायचं काढलं, पण सातबाऱ्यावर चुलत्यांची इतकी नावं की बँकेतल्या साहेबांनी तो उतारा न वाचताच परत दिला. कंपनीत अजून एक वर्ष काढून पैसे जमवायचे आणि मग जायचं, असं मी ठरवलं होतं. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

मे महिन्यात वाडीच्या पूजेला सगळे मुंबईकर वर येतात. माझी अडचण बाबा कुणाजवळ तरी बोलले आणि रात्रीच्या बैठकीत थाळी फिरली. आमच्याकडे वर्गणीची थाळी टॉवेलाने झाकलेली असते. ज्याने त्याने टॉवेलाखाली हात घालायचा आणि हात मोकळा बाहेर काढायचा. कुणी किती घातले, हे ना बघायचं ना सांगायचं, कारण ते पैसे देवीच्या नावाचे. फार पूर्वी 'मी जास्त दिले' यावरून वाडीत डोकी फुटली होती म्हणे, तेव्हापासूनची ही रीत आहे. मला ती लहानपणापासून फार आवडायची.

सुट्टीनंतर बँक उघडली आणि मंडळाच्या खजिनदारांनी थाळीतली सगळी रोकड एकदम बाबांच्या खात्यात भरली. मला फोन करून म्हणाले, "टेन्शन घ्यायचं नाय. मंडळाचा फुल सपोर्ट हाय."

व्हिसासाठी खात्याचा सहा महिन्यांचा हिशोब जातो आणि अचानक आलेली मोठी रक्कम कुठून आली हे पटवून द्यावं लागतं, हे मला माहीत होतं. पण ज्या माणसाने मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीतून माझ्यासाठी पैसे आणले, त्याला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

तोवर, मुंबईकर परत जायच्या आत म्हणून, माझा सत्कारही उरकला होता. व्हिसा अजून यायचाय, असं मी ज्याला त्याला सांगत होते. "येल गो, देवीला सांगितलंय ना!" हेच उत्तर. देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान माझ्या चुलत आजोबांचा. त्यांनी नारळ ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आई, पोर परदेशी निघाली. शिकून परत आली की आधी तुझी ओटी भरंल, मगच घराचा उंबरा ओलांडंल." सगळे एका सुरात "होय महाराजा" म्हणाले. त्यात मीही होते. मग खालूबाजा वाजवत मला फाट्यापर्यंत आणून एसटीत बसवलं. मी खिडकीतून हात हलवला आणि महाडला उतरून दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

व्हिसाच्या अर्जाला मी दोन पानी खुलासा जोडला. वाडी, थाळी, टॉवेल, सगळं व्यवस्थित इंग्रजीत लिहिलं. पैसे देणाऱ्यांची नावं, त्यांच्याशी नातं आणि त्यांच्या उत्पन्नाचे पुरावे, या रकान्यात काय लिहायचं हे मात्र मला सुचेना. देवीचं नाव लिहून तिच्या उत्पन्नाचा दाखला कुठून आणायचा? पावसाळ्यात नकार आला. खात्यातल्या रकमेचा स्रोत समाधानकारक नाही, असं त्यात होतं. एकदा हा शेरा बसला की पुढच्या अर्जातही त्याच रकमेचा खुलासा द्यावा लागतो. विद्यापीठाने जागा पुढच्या वर्षापर्यंत राखून ठेवली, एवढाच काय तो दिलासा.

मी बाबांना म्हटलं, पैसे ज्याचे त्याला परत करू, मग प्रत्येकाने आपापल्या नावाने पाठवावेत. बाबांनी खजिनदारांना विचारलं. ते गडबडलेच. "कोणाला किती देणार? आणि देवीच्या नावानं बाहेर काढलेला पैसा परत घरात कोण घेईल?" खरंच होतं. आणि ते पैसे घरखर्चाला वापरायची बाबांची छाती होत नव्हती. म्हणजे ती रक्कम खात्यात होती तोवर व्हिसा मिळणार नव्हता, आणि ती खात्यातून हलवायला कुणी तयार नव्हतं. माझा संताप झाला, आणि तो काढायचा कुणावर हे कळेना म्हणून मी लॅबमधल्या एका गरीब मुलीवर काढला.

मला घरी जायचं होतं. बस्स, आईच्या हातचं जेवून माजघरात पडून राहायचं होतं. बाबा फोनवर म्हणाले, "जरा थांब. देवीला गाऱ्हाणं घातलंय ना, आजोबांना विचारून बघतो." आजोबांनी दोन दिवस विचार केला. मग त्यांनी स्वतःच मला फोन लावला.

"तू गेलीस म्हणून सांगितलंय गो देवीला," ते म्हणाले. "आता गेली नाय, असं कसं सांगू? आणि परत आली असं सांगू, तर ते खोटं हाय."

"मग मी करू काय, आजोबा?"

"तू जाऊन ये," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

आता सुट्टीच्या दिवशी मी एसटीने फाट्यापर्यंत जाते. आई वरून पायवाटेने डबा घेऊन उतरते. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, कधी घावणे. माझ्याच फोटोखालच्या बाकावर बसून मी जेवते. तिथून झाडांच्या फटीतून आमच्या घराची कौलं दिसतात. आईला त्या बाजूला पाठ करून बसायची सवय लागली आहे.

मागच्या खेपेला मुंबईहून आलेली एक शेजारीण एसटीतून उतरली. एकदा तिने फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "अगो बाय! कधी आलीस?"

माझ्या तोंडात घास होता. आईने डब्याचं झाकण लावलं आणि माझ्या आधी तीच बोलली.

"आली नाय अजून. येल."