पप्पा उपासनेला निघाले आणि पवनानगरला पोचले

काळजी करणं हा माझा स्वभावच आहे. दूध उतू जाईल, गॅस सुरू राहिला असेल, घाटात गाडी घसरेल, असं काही ना काही माझ्या मनात सतत चालू असतं. माझ्या प्रार्थनाही तशाच असत. 'प्रभू, तुला वाटेल तसं होऊ दे' असं तोंडानं म्हणायचं, आणि लगेच त्याला काय वाटायला हवं ते सविस्तर समजावून सांगायचं. प्रार्थना कसली, देवाला दिलेल्या सूचनाच त्या.

लोणावळ्यात आमचं दोन खोल्यांचं घर आहे. आई गेल्यापासून तिथं मी आणि पप्पा असे दोघंच राहतो. मी घरी शिवणकाम करते. पप्पा रेल्वेतून निवृत्त झालेत. काही वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा कुठं ठेवला ते, मग घराकडे यायचा रस्ता, मग माणसांची नावं. मला ते कधी आईच्या नावानं हाक मारायचे, कधी आत्याच्या. अलीकडे तर नुसतं 'अहो बाई' म्हणायला लागले होते. हे आता वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी कंबर कसली. दाराला वरच्या बाजूला कडी लावली. त्यांच्या रोजच्या प्रत्येक सदऱ्याला आतून माझा फोन नंबर लिहिलेली पट्टी शिवली. उपासनेत ते मध्येच मोठ्यानं बोलायला लागायचे, म्हणून रविवारी चर्चला जाणंही बंद केलं. एवढं सगळं करूनही मला धड झोप लागत नव्हती. देव माझ्याकडे बघतोय की नाही, अशी शंका मनात यायची आणि ती कुणाला सांगायचीही लाज वाटायची.

त्या रविवारी सकाळी छान ऊन पडलं होतं. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले आणि जाताना कडी लावायची राहिली. खाली आले तर घर रिकामं. पप्पांची पेटी उघडी होती. आईनं जपून ठेवलेला त्यांचा पांढरा सदरा तिच्यात नव्हता. तो ते फक्त चर्चला जाताना घालायचे. नेमकी त्यालाच मी पट्टी शिवली नव्हती.

मी धावत चर्चला गेले. पप्पा तिथं आलेच नव्हते. उपासना नुकतीच सुटली होती. पाळकसाहेबांना सांगितलं, तसे सगळे तिथूनच शोधायला निघाले. कुणी स्टेशनवर गेलं, कुणी बाजारात, कुणी पोलिस चौकीत. दोघं-तिघं भुशी धरणाकडे गेले. रविवारची तिथली गर्दी आणि ते पायऱ्यांवरून वाहणारं पाणी माझ्या डोळ्यांसमोर येत राहिलं. घरोघर विचारून विचारून माझा घसा बसला होता. शेवटी पाळकसाहेबांच्या पत्नीनं मला चर्चच्या पायरीवर बसवलं आणि हातात पाण्याचा तांब्या दिला.

मी हात जोडले, पण सूचना काही सुचेनात. कुठं शोध, कुणाला पाठव, काय होऊ देऊ नकोस, यातलं एकही वाक्य येईना. एवढंच म्हटलं, "प्रभू, माझ्या हातात आता काहीच नाही. पप्पा तुझे आहेत." मन एकदम शांत झालं, असं मी म्हणणार नाही. पण कित्येक महिन्यांनी मी काही घट्ट धरून बसले नव्हते, एवढं मात्र जाणवलं.

थोड्या वेळानं पाळकसाहेबांचा फोन वाजला. बोलता बोलता ते हसायला लागले. मग फोनवर आलेला एक फोटो त्यांनी माझ्यासमोर धरला. पांढऱ्या सदऱ्यातले पप्पा खुर्चीवर ऐटीत बसले होते आणि त्यांच्या मांडीवर एक तान्हं बाळ होतं.

पप्पा पवनानगरला होते. पाळकसाहेबांच्या गाडीतून कामशेतमार्गे आम्ही तिकडे निघालो. पोचलो तर घरासमोर मांडव, पंचशील झेंड्यांच्या माळा आणि दारात चपलांचा ढीग. एका बौद्ध कुटुंबात नातीच्या नामकरणाचा कार्यक्रम होता. त्या घरच्या मावशींनी, म्हणजे बाळाच्या आजीनं, मला हाताला धरून आत नेलं आणि काय घडलं ते सांगितलं.

पप्पा चर्चलाच निघाले होते. पण पाय सवयीनं स्टेशनकडे वळले असावेत. ते लोकलमध्ये बसले आणि कामशेतला उतरले. तिथं पांढऱ्या कपड्यांतली पाहुणेमंडळी जीपमध्ये चढत होती. ही मंडळी उपासनेलाच चालली आहेत, असं त्यांना वाटलं असेल. तेही चढले. वयस्कर माणूस म्हणून कुणीतरी सरकून जागा दिली. मांडवात मेणबत्त्या लावल्या होत्या. वंदना सुरू झाली, तेव्हा तेही सगळ्यांबरोबर डोळे मिटून हात जोडून बसले. बाळाच्या आईकडच्यांना वाटलं, हे वडिलांकडचे आबा. वडिलांकडच्यांना वाटलं, हे आईकडचे. त्यामुळे दोन्हीकडून मान मिळाला, आणि बाळही आशीर्वादासाठी मांडीवर आलं.

पंगत बसली, वाढून झालं, लोक घास उचलणार तोच पप्पा उठून उभे राहिले. "थांबा," ते म्हणाले, "अजून प्रार्थना झालेली नाही." पंगत थांबली. पप्पांनी डोळे मिटले आणि अन्नाबद्दल देवाचे आभार मानले. ज्यांनी रांधलं त्यांच्यासाठी, त्या घरासाठी आणि त्या लेकरासाठी आशीर्वाद मागितला. कुठंही अडखळले नाहीत. सगळं घर ऐकत राहिलं. आमेन म्हणून ते खाली बसले, तेव्हा कुठं बायका एकमेकींना विचारायला लागल्या, हे नक्की कुणाकडचे? आणि ते कुणाकडचेच नाहीत, हे तेव्हा उघडकीला आलं.

मावशींचा मुलगा तळेगावजवळ नवलाख उंबऱ्याला कंपनीत कामाला आहे. तो मला म्हणाला, "ताई, आमच्या लाईनवर एक दादा हाय. डबा उघडला की आदी डोळं मिटून असंच बोलतो. म्हणलं, ह्ये आबा त्याच्यातलंच असणार. लगेच फोन लावला त्याला." तो दादा तळेगावच्या चर्चच्या मंडळीतला निघाला. त्यानं त्यांच्या पाळकांना कळवलं आणि त्यांनी आमच्या पाळकांना. ज्या पट्ट्या मी इतक्या काळजीनं शिवल्या, त्या घरीच राहिल्या. पप्पांना घरी आणलं ते त्यांच्या प्रार्थनेनं, आणि ती प्रार्थना ऐकून घेणाऱ्या त्या घरानं.

मी पप्पांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मला ओळखलं नाही. पण चेहरा खुलला. "या बाई, बसा," ते म्हणाले. "आज मंडळी भरपूर आली आहे."

तेव्हा मात्र मला रडू कोसळलं. मावशींनी शेजारी बसून पाठीवरून हात फिरवला. "आदी जेव, पोरी," त्या म्हणाल्या. "मग रडायचं तेवढं रड." मी जेवले. पुरी, बटाट्याची भाजी, वाफाळती खीर. पप्पांनी माझ्या वाटीत आपल्या वाटीतली खीर ओतली आणि पाहुण्या बाईंना अजून वाढा म्हणून सगळ्यांना सांगत राहिले.

नाताळात आम्ही करंज्या घेऊन त्या घरी गेलो. बाळ आता बसायला लागलं आहे. रविवारी पप्पांना मी चर्चला नेते. संदेश चालू असताना मध्येच ते मोठ्यानं आमेन म्हणतात. पाळकसाहेब क्षणभर थांबतात, हसतात आणि पुढे बोलू लागतात. मला वाटत होतं तसं कुणी मागं वळून बघतही नाही.

पप्पांचा आजार हटलेला नाही. तो वाढतोच आहे. दाराची कडीही मी लावतेच. पण रात्री झोपताना प्रभूला सूचना देणं मी सोडून दिलं आहे. पप्पांना आता माझं नाव आठवत नाही. मात्र प्रत्येक जेवणाआधी ते ज्याचं नाव घेतात, त्याला आम्हा दोघांचीही नावं ठाऊक आहेत. एवढं मनाशी म्हणते, दिवा मालवते, आणि मला झोप लागते.