मिसेस लुवेनिया बॅटल यांचं म्हणणं

डेल्फीन टॅब्रनने बावन्नाव्या वर्षी पीएचडीला नाव घातलं, तेव्हा पेल्स क्रॉसिंगमध्ये कुणी तोंडात बोट घातलं नाही. उलट इतकी वर्षं ही बाई कशाची वाट बघत होती, असंच लोकांना वाटलं. उत्तर कॅरोलायनाच्या पूर्वेकडचं हे गाव, रताळी आणि तंबाखू पिकवणारं. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात आणि डेल्फीनला जरा जास्तच. अर्ध्या गावाला तिने चौथीत भागाकार शिकवला होता, उरलेल्या अर्ध्याला बोलावून घेऊन झापलं होतं. आता ती शेजारच्या गावातल्या शाळेत उपमुख्याध्यापिका होती. कॉरिडॉरमध्ये तिच्या टाचांचा आवाज आला की पोरं आपोआप भिंतीच्या कडेने चालू लागत.

तिचा विषय विद्यापीठाच्या भाषेत ‘शिक्षण धोरण आणि समन्याय’ असा होता. कुणी विचारलं की ती ते शब्द टाळायची. म्हणायची, “कुणाच्या पोराची बस उजाडायच्या आत येते आणि कुणाची नाश्ता झाल्यावर, तो माझा विषय.” हे सगळ्यांना लगेच कळायचं. कारण आठ वर्षांपूर्वी काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, शिक्षण मंडळाने पेल्स क्रॉसिंगची शाळा बंद केली होती आणि तेव्हापासून इथली लहान लहान पोरं अंधारात बसमध्ये चढत होती. मंडळाने कारण दिलं, पट कमी. पट कमी होता हे खरंच. पण तळ्याकाठच्या शाळेचा पट त्याहून कमी होता आणि ती शाळा आजही दिमाखात उभी आहे. तळ्याकाठी गोऱ्यांची घरं, पेल्स क्रॉसिंगला काळ्यांची. एवढं म्हटलं की गावात पुढचं सांगावं लागत नाही. विद्यापीठात मात्र ते सांगावं लागतं, तक्ते जोडून आणि पुरावे देऊन. डेल्फीनने ते काम अंगावर घेतलं आणि अंगावर घेतलेलं काम तिने आजवर कधी टाकलं नव्हतं.

आकड्यांचा भाग तिने भराभर उरकला. मग शाळा बंद करण्याआधी मंडळाने जी जाहीर सभा घेतली होती, तिथे उठून बोललेल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या. इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. घोडं अडलं ते नावांपाशी.

संशोधनात बोलणाऱ्यांची नावं बदलायची असतात, उद्या कुणाला त्रास होऊ नये म्हणून. विद्यापीठाच्या नीतिसमितीचा तसा दंडकच असतो. बाकीचे विद्यार्थी सरळ ‘सहभागी एक’, ‘सहभागी दोन’ लिहून मोकळे होतात. डेल्फीनला ते तुरुंगातल्या कैद्यांसारखं वाटलं. आपल्या बायकांना आपल्या मातीतली नावं हवीत, असं तिच्या मनाने घेतलं. म्हणून ती चर्चमागच्या दफनभूमीत गेली आणि थडग्यांवरची जुनी, भारदस्त नावं निवडून आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाहेरून आलेल्या कुणाला ही बुद्धी सुचली नसती.

त्यानंतरच्या रविवारी प्रार्थना झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये मासे तळले होते. सोबत कोबीची कोशिंबीर, मक्याच्या पिठाची भजी, रताळ्याची पाई. बोलणाऱ्यांना त्यांचं बोलणं वाचून दाखवायचं आणि बरोबर उतरलंय ना हे विचारायचं, अशी पद्धत असते. सगळ्या जणी एका जागी आहेत, पोटं भरलेली आहेत, याहून बरा मुहूर्त कुठला, असा विचार करून डेल्फीन उभी राहिली.

“हॅटी म्हणाल्या,” तिने वाचलं, “तुम्ही आमची पोरं खुर्च्यांसारखी मोजता. भरलेल्या किती, रिकाम्या किती. पोर म्हणजे खुर्ची नव्हे. खुर्चीला सकाळी उठवून बसमध्ये घालावं लागत नाही.”

कोपऱ्यातल्या टेबलावर कुणीतरी काटा खाली ठेवला.

“कोण म्हणालं?” मिस लुवेनियांनी विचारलं.

मिस लुवेनिया बॅटल म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांचं खणखणीत नाणं. लग्न झालेलं असो वा नसो, वडीलधाऱ्या बायकांना गावात मायेने आणि मानाने ‘मिस’ लावूनच हाक मारतात. रविवारच्या धर्मवर्गात गावाच्या तीन पिढ्यांचे कान त्यांनी पिळले होते, त्यात डेल्फीनचेही. त्यांची टोपी जांभळी होती आणि आवाजात जरब होती.

“हॅटी. म्हणजे तुम्हीच, मिस लुवेनिया. नाव बदललंय फक्त.”

“हॅटी निकल्सनचं नाव दिलंस मला?”

“तसं नाही, कुठलीही एखादी हॅटी...”

“या गावात एकच हॅटी होऊन गेली. माझ्या नवऱ्याला माती दिल्यावर जे जेवण झालं, त्यात तिने बटाट्याचं सॅलड आणलं होतं. बेदाणे घालून.” हॉलमध्ये दोन-तीन जणींनी हळहळून मान हलवली. बटाट्याच्या सॅलडमध्ये बेदाणे म्हणजे इथे पापच, ते अजून कुणी विसरलं नव्हतं. “आणि देव तिचं भलं करो, शाळा बंद व्हायच्या कितीतरी आधी ती मेली. मग काय, सभेत बोलायला उठून आली होती होय?”

“जिवंत असती तरी आली नसती,” पाळकांची बायको म्हणाली. “जेवण ठेवलं असतं तर गोष्ट वेगळी.”

मग मोहोळच उठलं. प्रत्येकीला आपलं नाव काय ठेवलंय ते ऐकायचं होतं आणि ऐकल्यावर कुणालाच ते पटेना. सभेत मंडळाला खडसावणारी व्हॉनेटा म्हणाली, “माझ्या सासूचं नाव? जिने मला जन्मभर तोंड उघडू दिलं नाही, तिच्या नावाने मी बोललेय?” हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. डेल्फीनही हसली, कारण हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दफनभूमीतली एकजात सगळी मंडळी आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली होती.

मिस लुवेनिया हसल्या नाहीत. निघताना चांदीच्या कागदात बांधलेली ताटली हातात धरून त्या डेल्फीनच्या गाडीपाशी येऊन थांबल्या.

“एकोणसत्तर साली काळ्या-गोऱ्यांच्या शाळा एक करायच्या म्हणून आमची मोठी शाळा बंद केली,” त्या म्हणाल्या. “पोरं गोऱ्यांच्या शाळेत गेली, ठीक झालं. पण आमच्या पोरांनी जिंकलेल्या ढाली कचऱ्यात टाकल्या आणि दारावरचं नाव खरवडून काढलं. मी गिळलं ते. मग मंडळाची ही सभा. माझ्या आधी तळ्याकाठची एक बाई बोलली. तिला अध्यक्ष म्हणाला, ‘बोला, मिसेस हार्मन.’ माझी पाळी आली तर म्हणतो, ‘हं, लुवेनिया.’ माझ्या नातवाच्या वयाचा माणूस. आणि सभेचा वृत्तान्त छापला त्यात काय लिहिलं? ‘काही नागरिकांनी चिंता व्यक्त केली.’ बस. काही नागरिक. आता तूही माझं नाव काढून घेतलंस. त्यांनी काढलं ते समजू शकते मी, बाळ. तुला तर मी शिकवलंय.”

घरी जाताना डेल्फीनला स्वतःचाच राग आला. शाळा कुणाची गेली आणि कुणाची राहिली, हे शोधायला निघालेली ती, आणि मंडळाने जे केलं तेच तिने जरा प्रेमाने केलं होतं. पण खंत करत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. चूक कळली की दुरुस्त करायची, पोरांना ती हेच सांगत आली होती.

तिच्या मार्गदर्शक प्रोफेसर इंगर्सोल यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाई मायाळू होत्या आणि विद्यापीठात त्यांचे केस पांढरे झाले होते.

“डेल्फीन, नियम त्यांच्या रक्षणासाठी आहे.”

“रक्षण कुणापासून, ते त्यांना कुणी विचारलंय का?”

“विचारायचं तर नव्याने परवानगी घ्यावी लागेल. एकेकीला पुन्हा भेटावं लागेल. मे महिन्यात पदवी मिळणार नाही, डिसेंबरवर जाईल. आणि ती काउंटीच्या शिक्षण अधीक्षकाची जागा? तुम्हीच म्हणाला होतात की त्यासाठी उन्हाळ्याच्या आत पदवी हातात हवी.”

ही गोष्ट खरी होती. ती जागा डेल्फीनला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. त्या खुर्चीत आपण शोभून दिसू याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती, गावालाही नव्हती. पण ती म्हणाली, “जागा पुन्हा निघेल. मिस लुवेनिया पुन्हा निघणार नाहीत.”

घरी तिचा नवरा रूफस म्हणाला, “म्हणजे आणखी सहा महिने जेवणाच्या टेबलावर कागद?”

“तू सोफ्यावर बसून जेवतोस, तुला काय त्याचं?”

“तक्रार नाही. मासे कागदावर सांडले तर ओरडू नकोस, एवढंच म्हणणं आहे.”

परवानगी आली आणि डेल्फीन पुन्हा दारोदार फिरली. या वेळी तिने आडपडदा ठेवला नाही. नाव छापलं तर काय होऊ शकतं ते सरळ सांगितलं. मंडळातली माणसं वाचतील, चिडतील, कुणाचं काम अडवतील. बहुतेकींनी तिलाच वेड्यात काढलं. सभेत तोंडावर बोललो, तेव्हा काय बुरखे घातले होते का, असं विचारलं. व्हॉनेटाचं मात्र तसं नव्हतं. तिचा मुलगा काउंटीच्या बसगाड्या दुरुस्त करायचा.

“मला नाही परवडणार,” ती म्हणाली. “राग नाही ना?”

“राग कसला? तुझं नाव तुझं आहे. दाखवायचंही तूच ठरवायचं आणि झाकायचंही तूच.”

“मग झाक. पण सासूचं देऊ नकोस. हॅटीचं दे, तिचं रिकामंच झालंय आता.”

अधीक्षकाची जागा उन्हाळ्यात भरली. कुणीतरी सूट घातलेला माणूस बाहेरून आला. डेल्फीनने त्याचं स्वागत केलं, हस्तांदोलन केलं आणि पहिल्याच आठवड्यात बसच्या वेळांचा तक्ता त्याच्या टेबलावर ठेवला. माणूस बराच घाम पुसत होता म्हणतात.

प्रबंधाची तोंडी परीक्षा जाहीर असते, कुणीही येऊन बसू शकतं. सहसा कुणी येत नाही. आली तर आई येते, नाहीतर एखादी मैत्रीण येऊन फोनमध्ये डोकं घालून बसते. नोव्हेंबरातल्या त्या सकाळी विद्यापीठाच्या दारात चर्चच्या दोन व्हॅन थांबल्या. त्यातून टोप्या उतरल्या. जांभळी, पिवळी, पिसांची. खुर्च्या कमी पडल्या, शेजारच्या खोलीतून आणाव्या लागल्या. व्हॉनेटाही आली होती आणि सगळ्यांत मागे बसली होती.

डेल्फीन छान बोलली. आकडे दाखवले, नकाशे दाखवले, तळ्याकाठचा पट आणि आपला पट शेजारी मांडून दाखवला. मागून मधूनच “हं” असा हुंकार यायचा. चर्चमध्ये कुणी खरं बोलू लागलं की यायचा, तसाच. परीक्षकांना याची सवय नव्हती. पहिल्यांदा तर एकाने दचकून दाराकडे पाहिलं.

तोच परीक्षक, डॉ. प्रूइट, सगळ्यांत काटेकोर होता. त्याने पानं उलटली.

“एक बारीक गोष्ट. लेखनाच्या नियमाप्रमाणे नुसतं आडनाव लिहायचं असतं. तुम्ही प्रत्येक ठिकाणी ‘मिसेस लुवेनिया बॅटल’ लिहिलंय. एकदाही विसरला नाहीत, म्हणजे चुकून झालेलं नाही. हे कशासाठी?”

डेल्फीनने चष्मा काढून हातात घेतला.

“सर, त्या सभेत एका बाईला अध्यक्ष ‘मिसेस’ म्हणाले आणि एकीला नुसतं नावाने हाक मारली. मग एकीची शाळा राहिली, एकीची गेली. मी तुम्हाला जे तक्ते दाखवले ते सगळे खरे आहेत, पण ते नंतरचे आहेत. कुणाचं म्हणणं मोजायचं, हे त्या हाकेतच ठरून गेलं होतं. वृत्तान्तात या बाईंचं नाव नाही. म्हणून माझ्या प्रबंधात ते पूर्ण आहे, मानासकट. नियमात बसत नसेल तर नियमाला थोडं सरकून बसायला सांगा.”

“सांग पोरी,” मागून कुणीतरी म्हणालं.

“खरंय,” दुसरं कुणी.

डॉ. प्रूइटने त्या दोन आवाजांकडे पाहिलं, मग जांभळ्या टोपीकडे. “आपण...?”

मिस लुवेनिया काठी टेकून उठल्या. “मिसेस लुवेनिया बॅटल. पान कितवं ते मला ठाऊक नाही, पण आहे मी तिथे.”

प्रूइट उभा राहिला. जागेवरून अर्धवट उठला, मग नीट उभा राहिला. “मिसेस बॅटल,” तो म्हणाला, “आलात, फार बरं झालं.” खाली बसून त्याने पानावरचा आपला शेरा खोडला. “असू द्या ते आहे तसं.”

नंतर रीतीप्रमाणे सगळ्यांना बाहेर काढलं. परीक्षक आत, गाव कॉरिडॉरमध्ये. कुणीतरी पर्समधून पाईचा तुकडा काढला. डेल्फीन भिंतीला टेकून उभी होती, तिच्या शाळेतल्या पोरांसारखी. मग दार उघडलं आणि प्रोफेसर इंगर्सोल यांनी हाक मारली, “डॉक्टर टॅब्रन, आत या.”

बायकांनी जो गलका केला, त्याने वरच्या मजल्यावरचा तास थांबला. व्हॉनेटा रडत होती आणि ते लपवत नव्हती. मिस लुवेनियांनी डेल्फीनचा चेहरा दोन्ही हातांत धरला, धर्मवर्गात पाठांतर बरोबर आलं की धरायच्या तसाच.

“डॉक्टर टॅब्रन,” त्या म्हणाल्या. शब्द त्यांनी जिभेवर घोळवून पाहिला.

डेल्फीन म्हणाली, “हो, मिसेस बॅटल.”

“अं हं,” मिस लुवेनियांनी मान हलवली. “ते त्या आतल्या लोकांनी म्हणायचं. तू आपलं मिस लुवेनियाच म्हण.”