तांब्याची शाल आणि गिरडची टेकडी

वर्ध्याला मी गेले ती एका शालीबद्दल मत द्यायला. माझी ताई वर्ध्याजवळ पिपरी मेघेत राहते. रक्ताच्या कर्करोगावरचे तिचे उपचार नुकतेच संपलेत. पांढऱ्या पेशी अजून कमी आहेत, म्हणून डॉक्टरांनी गर्दीत जायला मनाई केली आहे. पण तिचा गिरडच्या दर्ग्यावर चादर चढवायचा नवस राहिला होता. भाऊजींचं वर्ध्यात कापडाचं दुकान. त्यांनी कुठूनसं तांब्याचा मुलामा दिलेलं, जिवाणू-विषाणू मारणारं कापड मागवलं आणि तिला शाल शिवून दिली. आता तेच फोनवर रडकुंडीला आले होते.

"तुही ताई म्हणून राह्यली, मले कवच भेटलं, आता गुरुवारी गिरडले जातो. मीना, तू केमिस्ट्री शिकली ना? येऊन समजावून जाय तिले."

मी म्हटलं, भाऊजी, त्याला वीस वर्षं झाली, मी विमा कंपनीत काम करते. ते म्हणाले, तरी येजो.

पुण्याहून संध्याकाळी गाडीत बसलं की सकाळी वर्धा येतं. जाणार असाल तर हिवाळ्यात जा आणि एक जाड स्वेटर ठेवा. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तर्री वेगळी मागून घ्या, नाहीतर डोळ्यांतून पाणी येतं. ऑटोवाल्याने पिपरी मेघेचे दीडशे सांगितले, शंभरात आला. रस्ताभर कापसाने फुगलेले टेम्पो पुढे चालले होते आणि दोन्ही कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकले होते.

भाऊजींनी आधी दुकानात बोलावून कापडाचं ठाण दाखवलं. नव्या तांब्याच्या लोट्यासारखा रंग, हाताला किंचित कडक. सोबत पत्रक होतं. मी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वेगळं समजलं. तांब्याचे सूक्ष्म कण जंतूचं कवच फोडतात, हे मला पटत होतं. पण कापडावर येऊन पडलेला जंतू काही वेळाने मरतो आणि हवेतून नाकात गेलेला जंतू मरत नाही, हा फरक पत्रकात कुठेच नव्हता. की होता, आणि मलाच दिसला नाही?

घरी ताईने शाल आणून दाखवली. काही ठिकाणी लख्ख, काही ठिकाणी नुसतं फिकट कापड.

"अगं, हे काय झालं?"

"काळी पडली होती वं घामानं. चिंच-मीठ लावून घासली. दर आठवड्याले घासतो. पाह्य कशी चमकून राह्यली!"

"ताई, चिंचेनं मुलामाच निघाला असेल."

"काऊन? पानी भरतो त्या तांब्याच्या गुंडाले चिंचच लावते ना? गुंड गेला का कधी झिजून?"

गुंडाचा पत्रा जाड असतो आणि हा थर केसाहूनही पातळ, एवढं मी सांगू शकले. पण किती निघाला आणि किती उरला, ते काही सांगता येईना. तांबं कुठे उरलंय ते पाहायला शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून मीटर आणला. दोन टोकं शालीला लावली की काही ठिकाणी मीटर वाजे, काही ठिकाणी गप्प राही.

"वाजलं ना? मंग चालू हाय," ताई म्हणाली.

"वाजलं म्हणजे वीज जाते. जंतू मरतात असं नाही."

"मंग वाजवलं कायले?"

भाऊजी हसले. मी मीटर बाजूला ठेवला. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, कापडाचं मला माहीत नाही, मास्क लावा आणि गर्दी टाळा. गर्दी टाळायची म्हणून मीच तोड काढली. गुरुवारी नको, सोमवारी सकाळी जाऊ, तेव्हा कोणी नसतं. हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही.

भाऊजींच्या गाडीतून हिंगणघाट, जाम, समुद्रपूर असं करत गिरडला पोचलो. समुद्रपुरानंतर रस्ता अरुंद आहे, पण हिरव्या तुरीतून जातो. टेकडीवर सुपारीएवढे गोल दगड सापडतात. पायथ्याशी चादरी, फुलं, रेवड्यांची दुकानं आहेत. आणि त्या सोमवारी तिथे एक अख्खी बस उभी होती. कुणाचातरी नवस फिटला होता, मोठमोठी भांडी उतरवली जात होती, दोनतीन लहान मुलं खोकत होती.

मी गाडीचं दार अडवलं. "ताई, तू खालीच थांब. चादर मी चढवते."

"तूच म्हणली ना, सोमवारी कोणी नसते?"

"चुकलं माझं."

"नवस माहा अन् चढवते तू?" तिने बसकडे पाहिलं. मग चादर माझ्या हातात दिली. "जाय. डोकं झाकजो. अन् माह्या नावानंच सांगजो, सोताचं काई मागू नको."

मी देवाधर्माचं फारसं करत नाही. वर दर्ग्यात एका म्हाताऱ्या माणसाने विचारलं, "किसके नाम से?" मी नाव सांगितलं. "खुद नहीं आईं?" "बीमार है," मी म्हटलं, मग "थी" म्हटलं आणि चादर पुढे केली. त्याने माझ्या हातांना हात लावून चादर पसरली.

खाली आले तर ताई झाडाखाली बसमधल्या तीन बायकांमध्ये बसून बोरं खात होती. मास्क हनुवटीवर आणि तांब्याची शाल बुडाखाली अंथरलेली.

"खालून जंतू येत असतीन तं मरतीन ना!" ती म्हणाली. बायका हसल्या. मीही हसले, आणि मग गाडीत तिच्याजवळ न बसता पुढे भाऊजींशेजारी बसले. भाऊजींनी मध्येच वर्ध्याच्या बिस्किटांचा, गोरसपाकाचा डबा पुढे केला. ताईने दोन घेतले, मी एकही नाही.

पुण्याला परतले आणि दुसऱ्या दिवशी माझा घसा धरला, मग ताप. वर्ध्याला मी गच्च भरलेल्या डब्यातून गेले होते आणि तिथे रोज ताईच्याच पलंगावर, तिच्याच पांघरुणात झोपले होते. मास्क एकदाही लावला नाही. शाल तपासली, सोमवार निवडला, बसमधल्या मुलांचा खोकला ऐकला. माझ्याकडे मात्र कुणी पाहिलं नाही, मीही नाही.

त्यानंतरचा आठवडा मी रोज सकाळ-संध्याकाळ फोन करून तिचा ताप विचारला. भाऊजी थर्मामीटर लावून आकडा सांगत. ताप आला नाही. रक्ताचा अहवालही बरा आला. कशामुळे, ते मला खरंच माहीत नाही. तुमच्यापैकी कुणी असं कापड घ्यावं की नाही, हे विचाराल तर तेही सांगता येणार नाही. गिरडला मात्र जा, वरून खूप लांबवर दिसतं.

शेवटी मी ताईला माझ्या तापाचं सांगितलं.

"बरं झालं सांगतलं," ती म्हणाली. "पोळ्याले येजो. पण या वेळी बाहेरच्या खोलीत झोपजो."