टाइपरायटरला लावलेली शिस्त

टाइपरायटर दुरुस्त करताना मी त्याची सगळी अक्षरं नीट एबीसीडीच्या क्रमाने लावून टाकली.

वाकोल्याच्या एका भंगारवाल्याकडे मला तो मिळाला होता. छोट्या पेटीतला, गंजलेला, माझ्या आजोबांच्या वयाचा. माझ्या जुन्या वस्तूंच्या संग्रहात (शुभा, म्हणजे आमची ही, त्याला 'अडगळ' म्हणते) कंदील आणि किल्लीच्या घड्याळांच्या पंगतीत तो शोभणार होता. रॉकेल, टूथब्रश, शिलाई मशीनचं तेल... रविवारमागून रविवार मी घासत बसलो. तेव्हा दिसलं, की बटणांवरची अक्षरं कुणा अडाण्याने वाट्टेल तशी बसवली आहेत. क्यूनंतर थेट डब्ल्यू! मी काचा उचकटल्या, खालच्या कागदी चकत्या काढल्या आणि ए, बी, सी, डी ओळीत बसवल्या. (जन्मात कधी टायपिंग केलं असेल तर शपथ!) आता 'ए' दाबला की कागदावर 'क्यू' उमटायचा. म्हटलं, म्हातारं मशीन, नवी शिस्त अंगवळणी पडायला वेळ लागणारच!

आणि एका सकाळी माझी मेहुणी नंदा रडत घाटकोपरला आमच्या दारात! मुलुंडला टायपिस्टच्या नोकरीची परीक्षा, मशीन ज्याचं त्याने आणायचं, आणि तिने भाड्याने ठरवलेलं ऐनवेळी बिघडलेलं.

"भावोजी, पुढच्या भरतीत मी वयात बसत नाही हो!"

"रडतेस काय? यांचं आहे ना!" शुभा म्हणाली. "अहो, काढा ते."

"अगं, पण ते अजून..."

"मग इतकं तेल चोळलंत ते काय मालिश म्हणून?"

आम्ही तिघं निघालो. रिक्षाभर नंदा डोळे मिटून देवाचा धावा करत होती. मीही करत होतो, पण माझा देव मला ओळख दाखवेना. हॉलमध्ये तिच्या टेबलावर पेटी उघडून ठेवली आणि सहज शेजारी नजर गेली. क्यू, डब्ल्यू, ई... त्याच्या पलीकडे? क्यू, डब्ल्यू! एवढ्या सगळ्यांची मशीनं एकाच पद्धतीने बिघडलेली?

"नंदा, एक मिनिट..."

"ओ काका, बाहेर व्हा! पेपर सुरू होतोय!" सुपरवायझर ओरडला. दार बंद.

"शुभा, वाट लागली," मी बाहेर येऊन म्हणालो.

"कुणाची?"

"नंदाची. मी लावली." आणि सगळं सांगितलं.

शुभा पायरीवर मटकन बसली. "आईला काय तोंड दाखवू मी? अहो, कंदील होते ना घरात? कंदील घासायचे होते!"

आतून टकटक सुरू झाली. प्रत्येक ठोका माझ्या टाळक्यात! इतकी मशीनं वाजत होती, पण त्यात मला एकच ऐकू येत होतं.

शेवटी दार उघडलं. नंदा पेटी सांभाळत हसत बाहेर आली! "भावोजी, मशीन झकास! लोण्यासारखं चाललं. एक चूक नाही!"

"आणि... बटणांवरची अक्षरं?"

"बटणांकडे कोण बघतंय? क्लासमध्ये सर वर फडकं टाकूनच शिकवायचे. खाली बघितलं की टपली!"

म्हणजे मी बदलले ते नुसते मुखवटे. आतले ठसे आपापल्या जागी सुखरूप होते, आणि नंदाच्या बोटांना त्या जागा पाठ होत्या. मी पेटी उघडून दाखवली. "अगंबाई!" म्हणून ती किंचाळलीच.

शुभाने पदराने घाम टिपला. "नंदे, लग्नानंतरही हेच लक्षात ठेव. मीसुद्धा सगळा संसार यांच्याकडे न बघताच केलाय, म्हणून धड झाला!"