सासू सांभाळणारा कडूबा

वाटूरला मी पहिल्यांदा गेले ती १९९८ साली, विद्यापीठाच्या पाहणीसाठी. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचं घरात कोण करतं, कसं करतं, हे आम्ही गावोगाव जाऊन विचारत होतो. उत्तर बहुधा ठरलेलंच असायचं. सून, नाहीतर लेक. गोजरबाई नावाच्या मजुरी करणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "ताई, कडूबाकडं जा. तो सासूचं करून राह्यला. बायको मरून दोन वर्सं झाली, तरीबी."

कडूबाभाऊ शेतात भेटले. कापसात कोळपं चाललेलं, आणि बांधावरच्या लिंबाखाली बाज. बाजेवर सासूबाई, चतुराबाई. उजवं अंग लुळं, बोलणं अडखळतं. रोज सकाळी बाजेसकट बैलगाडीत घालून ते त्यांना सोबत आणत.

"घरी एकलीला ठिवलं तर माझं चित्त तिकडंच राहतं. काम होत न्हाई," ते म्हणाले.

बाकीचं मला हळूहळू कळलं, थोडं त्यांच्याकडून, बरंच गोजरबाईंकडून.

चतुराबाई जाफराबादकडच्या. त्यांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मुलगा सर्जेराव जालन्यात एका माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होता. नवरा-बायको दोघंही कामाला. म्हणून कडूबाभाऊंच्या बायकोनं, नंदाबाईनं, आईला वाटूरला आणलं. वर्षभरातच कावीळ होऊन नंदाबाईच गेल्या. मूलबाळ नव्हतं. तेराव्याला सर्जेराव म्हणाले, "दाजी, आता तुमच्यावर कशाला भार? आईला मी नेतो."

"जिना कसा चढवता? अन् दिवसभर पाणी कोन देईल? राहू द्या हितंच."

सर्जेरावांनी फारसा आग्रह धरला नाही.

सुरुवातीला अंघोळपाणी गोजरबाई करायच्या. कापूस वेचणीला लागल्यावर त्या झुंजूमुंजूलाच घराबाहेर पडू लागल्या. मग चतुराबाईंनी पाणी पिणंच सोडलं. ओठ फुटले, जीभ कोरडी पडली. कडूबाभाऊंना आधी वाटलं, लेकीच्या दुःखानं असेल. मग ध्यानात आलं. ज्या बाईनं जन्मभर जावयासमोर कपाळावरचा पदर ढळू दिला नाही, तिला आता त्याच्याकडून सगळं करून घ्यायचं नव्हतं. पाणी प्यायलं नाही की उठवायची वेळ येत नाही.

तांब्या घेऊन ते बाजेशी बसले. "मामी, नंदा टायफाइडनं पडल्ती, तवा तुम्ही हितं येऊन माझ्या आंथरुणावरच्या आईचं समदं काढलं. इहिणीचं मी कशाला करू, असं म्हनल्ता का?"

चतुराबाई भिंतीकडं तोंड करून रडल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी तांब्या ओठाला लावू दिला.

गावात लोक हसले. पारावर कुणी सल्लाही दिला, "दुसरी कर. ती बघील म्हातारीचं."

"त्या बाईची ही कोन लागती?" कडूबाभाऊ म्हणाले. "तिच्या गळ्यात हे काम बांधायला लगीन करू व्हय?"

त्या पाहणीत आमच्याबरोबर एक फिजिओथेरपिस्ट होत्या. त्यांनी चतुराबाईंना कुशीवर वळवलं, तर कमरेखाली जखम झालेली. कडूबाभाऊंचा चेहरा पडला.

"माझ्याकडनं चूक झाली."

"तुम्हाला कुणी दाखवलंच नव्हतं. आता दाखवते," त्या म्हणाल्या.

अंग कसं वळवायचं, लुळा हात कसा हलवायचा, उभं करताना आधार कुठं द्यायचा, हे ते पुन्हा पुन्हा विचारून शिकले. त्यांचा हात आधी धसमुसळा होता. चतुराबाई कण्हल्या की तेच घाबरायचे. पुढच्या वर्षी मी गेले तेव्हा जखम भरली होती. अंगणात त्यांनी बांबूचा कठडा केला होता, आणि चतुराबाई तो धरून उभ्या होत्या.

"जावई... लई कडक," त्या अडखळत म्हणाल्या. "सुट्टी न्हाई देत."

२००० साली कडूबाभाऊंचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. वजन उचलायला मनाई. सर्जेराव रजा काढून आले. त्या आठवड्यात मीही वाटूरला होते. पहिल्या सकाळी ते बादली घेऊन न्हाणीच्या दाराशी थबकले.

"दाजी, आईला... मी कसं?"

कडूबाभाऊ पडल्यापडल्या म्हणाले, "पहिल्यांदा अवघड जातं. मलाबी गेल्तं. पानी कोमट हाये का बघा, अन् तिच्याशी बोलत राहा."

"काय बोलू?"

"जालन्याचं सांगा. नातवंडांचं सांगा. तुमचा आवाज ऐकून बराबर राहती ती."

आतून पाण्याचा आवाज आला, मग सर्जेरावांचा. पोरगी गणितात पहिली आली, ते सांगत होते. मध्येच ते रडू लागले. मग चतुराबाई बोलल्या, एकेक शब्द जुळवत, लेकालाच समजावत.

जालन्याला परतल्यावर सर्जेरावांनी तळमजल्याची खोली शोधली. पुढच्या उन्हाळ्यापासून ते आईला नेऊ लागले. पेरण्या उरकल्या की चतुराबाई वाटूरला परत यायच्या. २००४ साली त्या वाटूरलाच वारल्या, दोघांच्या देखत.

त्यानंतर एकदा मी कडूबाभाऊंना भेटायला गेले, तर घराला कडी. गोजरबाई म्हणाल्या, "पल्याडच्या आळीत गेलाय. तिथल्या एकाच्या बायकोला लकवा झालाय. त्याला शिकवून राह्यला."

मी त्या घरापर्यंत गेले. दारातूनच आवाज आला, "आधी गुडघा वाकवा. हां. मंग खांद्याला हात लावा. जल्दी करू नका, तिला सांगून वळवा."