दोन टायर रस्त्याचे, दोन चिखलाचे

ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही काठांवर माझ्या मावशीच्या यजमानांइतका तत्त्वनिष्ठ माणूस दुसरा झाला नाही, आणि झाला असेल तर तो अजून कुठल्या तरी दुकानाच्या काउंटरवर वाद घालत उभा असणार. काका कळव्याच्या एका कारखान्यात युनियनचे सेक्रेटरी होते. कारखाना बंद पडला, युनियन विरघळली, पण काकांमधला सेक्रेटरी काही निवृत्त होईना. संध्याकाळी भाजी कोणती करायची हे ते विचारत नसत, ठराव मांडत. मावशीने ‘दुधी’ म्हटलं की चमच्याने टेबल वाजवून विचारत, “अनुमोदन कुणाचं?” त्यांच्याच पत्रकांवर बोट फिरवत मी वाचायला शिकले. आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण मी त्यांच्या स्वयंपाकघरात दुधीच्या विरोधात केलं. टाळ्या मिळाल्या, आणि जेवायला दुधीही.

अशा माणसाकडे जीपच्या जातीची एक जुनी, दणकट गाडी होती आणि तिचे टायर घासून काकांच्या टकलाइतके गुळगुळीत झालेले. त्यात मामाने, म्हणजे मावशीच्या आणि माझ्या आईच्या एकुलत्या एका भावाने, टिटवाळ्याच्या पुढे घर बांधलं. मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंतची गल्ली कच्ची, पावसात नुसता चिखल. घरभरणीच्या दिवशी काकांची गाडी त्या गल्लीच्या मध्यावर रुतली. सगळे पाहुणे धक्का मारायला धावले, आणि मामा ओट्यावरून ओरडला, “दाजी, तुमचा संप आणि तुमची गाडी, दोन्ही अर्ध्यातच बसतात!” पाहुणे खदाखदा हसले. काका हसले नाहीत. तो संप खरंच अर्ध्यात बसला होता आणि त्यात त्यांचे बरेच सोबती देशोधडीला लागले होते. गाडी निघाली तशी त्यांनी ती मागे वळवली आणि न जेवता घरी आले. “आता त्या घरी जाईन तर स्वतःच्या चाकांवर. कुणाचा धक्का न घेता.”

यात मावशीचं माहेर बंद झालं. ती एकटी सहज जाऊ शकली असती. पण तिचं म्हणणं, “मी एकटी गेले की भांडणावर शिक्का बसला. लोक विचारणार, दाजी कुठायत? मग काय सांगू, टायर शोधतायत?” त्यामुळे दोन भाऊबीजा फोनवर झाल्या. मामा तिकडून म्हणायचा, “ओवाळ गं,” आणि मावशी मोबाइलसमोर निरांजन फिरवायची. काका तेवढ्या वेळात गॅलरीत जाऊन उभे राहायचे. आत आले की म्हणायचे, “टायर बदलले की जाऊच.”

पण टायर बदलणार कसे? कोलशेत रोडवरच्या टायरवाल्याने पहिल्याच दिवशी एक निरागस प्रश्न विचारला होता: “काका, तुमचं चालवणं रोडवर किती, ऑफ-रोड किती? जास्त रोड असेल तर हायवे टायर घ्या, आवाज कमी. दोन्ही असेल तर ऑल-टेरेन. खोल खाचा, चिखलात पकड.” त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, कुणाला विचारतोय. काकांनी सगळा परिसर नजरेसमोर आणला: शिळफाट्याचे खड्डे, कल्याणच्या पुलाखालचे उखडलेले पेव्हर ब्लॉक, घोडबंदरला मेट्रोसाठी खोदून ठेवलेलं सगळं. टायरवाला सहज म्हणाला, “म्हणजे ऑफ-रोडच की सगळं.” झालं! काका कडाडले, “याला ऑफ-रोड म्हणायचं? अरे, हा रस्ता आहे! आम्ही कर भरतो त्याचा. आज मी याला ऑफ-रोड म्हटलं की उद्या कंत्राटदार सुटला. ऑल-टेरेन टायर घेणं म्हणजे खड्ड्याला मान्यता देणं आहे!” आणि तत्त्व बाजूला ठेवून बोलायचं तर, नव्हे, तत्त्व धरूनच बोलायचं तर, मला ते शंभर टक्के पटलं. आजही पटतं. ज्या शहरात नागरिकाने खड्ड्याला साजेसे टायर शोधायचे आणि रस्ता करणाऱ्याने सत्कार घ्यायचा, त्या शहराला जाब विचारायची सुरुवात टायरच्या दुकानातून झाली तर बिघडलं कुठे? फक्त मावशीचं बिघडत होतं.

मधल्या काळात काकांना टायरचं वेडच लागलं. रस्त्यात दिसेल त्या गाडीजवळ उकिडवे बसून ते टायरवर काय कोरलंय ते वाचत. टायर कितव्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला, ते चार आकड्यांत त्यावर लिहिलेलं असतं. लग्नात पत्रिका पाहणाऱ्यांना आयुष्यभर झोडपलेला हा माणूस टायरची जन्मतारीख पाहिल्याशिवाय त्याच्याकडे प्रेमाने बघत नसे. डोंबिवलीला माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं. वरात निघायच्या वेळी नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी जागची हलेना, कारण पुढच्या चाकाशी काका बसलेले. “जावईबापू, टायर म्हातारे आहेत हो!” ते खालूनच म्हणाले. अल्बमच्या पहिल्या पानावर आजही नवरा, नवरी आणि काकांची पाठ आहे.

शेवटी मावशीनेच बैठक बोलावली. उपस्थित: काका, मावशी, मी आणि उपमा. मावशीला हायवे टायर हवे होते, कारण तिची कंबर धरते. मी म्हटलं, मामाची गल्ली कधी रस्ता नव्हतीच, तिच्यापुरता ऑल-टेरेनला माझा पाठिंबा आहे. काकांनी डोळे मिटले. वाटाघाटीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येते तशी कळा त्यांच्या चेहऱ्यावर आली आणि त्यांनी तोडगा काढला: पुढे दोन हायवे टायर, मागे दोन ऑल-टेरेन. “रस्त्यावरचा आपला हक्क पुढची चाकं सांगतील, चिखलाचं मागची बघतील. दोन्ही बाजूंचा सन्मान. अनुमोदन?”

“माझं,” मावशी लगेच म्हणाली. भावाकडे जायला मिळतंय म्हटल्यावर तिने बैलगाडीच्या चाकांनाही अनुमोदन दिलं असतं.

टायरवाला अक्षरशः हात जोडत होता. “काका, चारही एकसारखे घ्या ना. असं कुणी लावतं का?”

“बैठकीचा ठराव आहे. मला एकट्याला बदलता येत नाही.”

“मग अजून एक बैठक घ्या!”

“नको!” मावशी गाडीतूनच ओरडली. “लाव रे बाबा तू!”

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही निघालो. मोठ्या रस्त्यावर गाडी झकास चालली. प्रत्येक खड्ड्याला काका “निषेध!” म्हणत आणि पुढे जात. मामाची गल्ली आली तसे ते उतरले, चिखलात पकड वाढावी म्हणून चाकांतली थोडी हवा कमी केली आणि परत येऊन शर्टाची बटणं नीट लावली. मावशी सीटच्या कडेला पदर मुठीत धरून बसली होती.

गाडी रुतली नाही. हे मी शपथेवर सांगते. मागच्या चाकांनी चिखल असा पकडला की बघत राहावं. अडचण एवढीच झाली की मागची चाकं ढकलत होती आणि पुढची नुसती घसरत होती. काकांनी फाटकाकडे वळायला स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, पुरतं फिरवलं, पण गाडीने त्याची दखलच घेतली नाही. ती संथपणे, अत्यंत सभ्यपणे सरळ गेली, कुंपणाची जाळी घेऊन अळूच्या वाफ्यात शिरली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला नाक लावून थांबली. खिडकीत मामा, हातात चहाचं गाळणं.

मामाने गाळण्याने पलीकडची बाजू दाखवली.

“दाजी,” मामा म्हणाला, “दार त्या बाजूला आहे.”

“ठरावात दाराचा उल्लेख नव्हता,” काका म्हणाले. “स्वतःच्या चाकांवर यायचं ठरलं होतं. आलो.”

मावशी उतरली. चिखलाने एक चप्पल ठेवून घेतली, तिने दुसरीही सोडून दिली आणि तशीच अनवाणी खिडकीशी गेली. गजांतून हात घालून तिने भावाचा कान धरला, आणि मग हसत होती की रडत होती, कुणास ठाऊक. मामा तसाच, कान तिच्या हातात ठेवून म्हणाला, “दाजी, त्या दिवशी संपावरून मी जे बोललो ना...”

“ते वाक्य इतिवृत्तातून काढून टाका,” काका म्हणाले. “चहा ठेवा आता.”

चिरडलेल्या अळूच्या वड्या आम्ही रात्रीपर्यंत खाल्ल्या.

त्यानंतर काकांनी रीतसर बैठक घेऊन चारही टायर ऑल-टेरेन केले. पण आता त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, गाडी मी चालवते. काका शेजारी बसून खड्ड्यांचा निषेध करतात, अंदाजाने. मामाची गल्ली गेल्या वर्षी काँक्रीटची झाली. गुळगुळीत, पांढरीशुभ्र, आम्हाला मागणी करून मिळालेला एकमेव रस्ता. परवा मी त्यावर वळले तशी मावशीने मागून खांद्यावर हात ठेवला.

“हळू घे गं जरा,” ती म्हणाली. “या गल्लीला दोन वर्षं लागली होती मला. भावाकडे काय इतक्या लवकर पोचायचं असतं?”