न चाखता रांधलेलं

ये बाई, जवळ ये. अशी दारातूनच हात हलवून गेल्यासारखं बोलू नको माझ्याशी. फोन केला का ‘आजी, नंतर करते’ म्हणते अन् ठेवून देते. ते नंतर दोन महिने झाले, आलंच नाही. म्हणून हे वहीत लिहून राहिली, तुझी आई फोटो काढून तुला पाठवंल. नागपूरच्या मोठ्या हॉटेलात स्वयंपाकाला लागली, सहा महिने पाहतील अन् मग पक्की करतील, एवढं तू मला स्वतः सांगितलं होतं. पुढचं मात्र आईला सांगितलं, मला नाही. मला ते टीव्हीवरच्या मालिकेमुळं समजलं. नातीची खबर आजीला मालिकेतून लागावी, हे बरोबर आहे का, तूच सांग.

ती मालिका तुझ्या आईनं लावली. हिंदीत आहे. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या हॉटेलचं स्वयंपाकघर, दहा-बारा माणसं, सगळ्यांच्या अंगात पांढरे कोट, अन् भांडी आपटत एकमेकांवर ओरडून राहिले. वाढायला पाच मिनिटं उशीर झाला तर घराला आग लागल्यासारखी पळापळ. पहिल्या दिवशी मी उठून चालली होती. म्हटलं, ‘ओरडल्यानं भाजी लवकर शिजते का यांची?’ तुझी आई म्हणाली, ‘बसा ना आई, आपली पोरगी अशाच ठिकाणी आहे.’ मग बसली. तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली का आम्ही दोघी टीव्हीसमोर.

मला राग ओरडण्याचा नव्हता. ते सगळे चाखून राहिले होते, त्याचा होता. कढईत चमचा, चमचा तोंडात, लगेच दुसरा चमचा, परत कढईत. जेवणारा यायच्या आधी सगळं उष्टं. मी म्हटलं, ‘असंच वाढते का हे लोकाईले?’ तुझी आई म्हणे, ‘दरवेळी नवा चमचा घेते वो ते.’ चमचा नवा घेतला म्हणजे कढईतलं अन्न उष्टं झालं नाही, हे मला काही पटलं नाही. पण बोलून उपयोग नव्हता, तिचं सगळं लक्ष पडद्यावर.

तुला माझ्या पहिल्या पोळ्याची गोष्ट कधी सांगितली नाही. सांगण्यासारखी वाटलीच नाही मला. मी सौंसरची लेक. पांढुर्ण्याला लग्न होऊन आली त्या वर्षी, दुसऱ्या दिवशी नदीवरची दगडांची गोटमार पाहायची म्हणून तिगावकडचे पाहुणे पोळ्यालाच येऊन बसलेले. पुरण झालं, वडे झाले, कढीला उकळी येऊन राहिली होती. मला वाटलं, आंबट जास्त झाली का काय. बोट बुडवून जिभेला लावलं, एवढंच. सासूबाईंनी पाहिलं. दोन्ही हातांनी कढीचा गंज, अख्खं पातेलंच, उचलला, मोरीत ओतला, अन् रिकामा गंज माझ्यासमोर आणून ठेवला. बाहेर बैल सजून उभे, त्यांना नैवेद्य दाखवायचा, अन् मी पुन्हा ताक घुसळायला बसली. ओसरीवरून सासरे विचारत होते, ‘बैलाईले जरा लेटू देऊ का मग?’ पाहुणे हसले. मी खाली मान घालून रवी फिरवत राहिली.

तेव्हापासून आजपर्यंत चाखलं नाही. आपल्या घरी रोजचा नैवेद्य, देवाच्या आधी माणसाची जीभ लागायची नाही. मीठ मुठीनं, तिखट रंगावरून, उकळी आवाजावरून. मीठ कमी झालं तर जेवणारा सांगते अन् वरून घेते. हेच तुला शिकवलं. तू आठेक वर्षांची असशील, पातोडीच्या रश्शात बोट घातलं तर उलथण्यानं तुझ्या हातावर मारलं मी. रडली नाही तू, पण पुन्हा कधी बोटही घातलं नाही. माझी नात न चाखता रांधते, असं जामसांवलीला दर्शनाला जाताना भेटेल त्या बाईला मी सांगत सुटायची.

मग मालिकेत तो भाग आला. मोठा आचारी एका नव्या पोरीसमोर येऊन उभा राहिला अन् विचारलं, चाखलं का? पोरीनं नाही म्हणून मान हलवली. त्यानं अख्खं पातेलं नळाखाली रिकामं केलं. मी म्हटलं, ‘पोरगी शिस्तीची दिसते. चांगल्या घरची असंल.’ तुझ्या आईकडं पाहते तर डोळ्याला पदर.

‘मालिका आहे बाई, रडते काहून?’

‘आई, आपलीचंही असंच झालं. दोनदा.’

मग एकेक निघालं. घरी आपण जाडं मीठ घेतो, तिथं बारीक. मूठ तीच, पण बारीक मीठ मुठीत जास्त बसते, हे तुझ्या लक्षात आलं नाही अन् तू चाखून पाहिलं नाही. दोनदा रस्सा खारट गेला, दोनदा ताटं परत आली. तुझे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ‘मंदिर में प्रसाद बना रही हो क्या?’ महिन्याअखेरपर्यंत जमलं नाही तर घरी जा, हेही म्हणाले. हे सगळं पंधरा दिवस या घरात माहीत होतं, फक्त मला नव्हतं. काहून, तर आजीला वाईट वाटंल. वाटलंच. तुझ्यावर रागवू, का त्या साहेबांवर, का मोरीत कढी ओतणाऱ्या माझ्या सासूवर, तेच समजून नाही राहिलं. दोन दिवस मीच भांडी आपटली. तुझी आई म्हणे, ‘आता आपल्याच घरी मालिका सुरू झाली.’

तिसऱ्या दिवशी तुला फोनवर पकडलं, दोन महिन्यांत तेवढं एकदाच. मोठ्या ऐटीत म्हटलं, ‘चाख तू, मी सांगतो ना.’ जशी काही माझ्या परवानगीसाठीच तुझी जीभ अडून बसली होती. तू म्हणाली, ‘चाखतो ना आजी आता. पण मले सगळंच बरोबर लागते. साहेब म्हणते आंबट कमी आहे, बाजूचा म्हणते मीठ टाक, अन् मले काहीच समजत नाही.’ मागून कोणीतरी तुझ्यावर ओरडलं अन् फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नैवेद्याचं वाटीभर वरण आधी वेगळं काढलं, अन् उरलेल्यात चमचा घातला. तुझी आई दारात उभी. ‘चोरी करून रायल्या का?’ म्हणे. तिला म्हटलं, जाय तिकडं. चमचा तोंडाजवळ नेला तर हात थांबला. परत नेला, परत थांबला. शेवटी डोळे मिटून घेतला. गरम लागलं. बस, तेवढंच समजलं. मीठ बरोबर होतं का कमी होतं, मला सांगता येईना. इतक्या वर्षांत इतक्या माणसांना जेऊ घातलं, अन् चमचाभर वरणाचं मला सांगता येईना. तो चमचा मी मोरीत भिरकावला.

तर तुझी चूक माझ्यापासून आली आहे. ती मी फोनवरून काढू शकत नाही. मी ठरवलं ते ऐक. तू घरी आली का चार भांड्यांत वरण करते, चारींत मीठ वेगळं. तुझी आई टाकंल, आपल्या दोघींना सांगणार नाही. तू चाख, मी चाखते. चुकलं तर पुन्हा चाखू. दिवसभर तेवढंच करू, बारीक मीठ आणून ठेवलं आहे. नैवेद्याचं मी आधीच वेगळं शिजवीन, त्याची काळजी करू नको.

महिना संपायला थोडेच दिवस आहेत. सुटी देत नाहीत म्हणू नको, आठवड्यातून एक दिवस देतेच कोणीही. साहेबांना सांग, आजी बिमार आहे. खोटं नाही होत, गुडघे आहेतच. सकाळच्या गाडीत बस, अन् झोप लागून पुढं तिगावला उतरू नको. स्टेशनवर तुझ्या बापाला पाठवते. येत्या सुटीलाच ये बाई, तिच्या पुढच्या सुटीवर टाकू नको.